पडद्यावरचा दिवस आणि कामगाराचे उरलेले आठ तास

१९७२ सालच्या हिवाळ्यात इंग्लंडमधील टेलिव्हिजनवर एका साध्या सोमवारी सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत काय काय दाखवीत असत, हा आजचा विषय आहे. याच्याशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील तर तो प्रश्न रास्तच म्हणावा लागेल. करमणुकीचे कार्यक्रम शिळे झाले की त्यांना कोणी विचारीत नाही. परक्या देशाचे शिळे कार्यक्रम तर त्याहून दूरचे. परंतु त्या दिवसाचे वेळापत्रक नीट डोळ्यांपुढे मांडले, म्हणजे त्यात एक निराळीच गोष्ट दिसू लागते. कोणत्या वेळी घरात कोण असतो, कारखान्यात कोण असतो, मुलांना केव्हा निजवायचे आणि कामकरी माणसाने केव्हा दिवा मालवायचा, याचा एका राष्ट्राने मांडलेला तो हिशेब आहे.

कामगार चळवळीने दीडशे वर्षे ज्या सूत्रासाठी लढा दिला ते सर्वांना ठाऊक आहे : आठ तास काम, आठ तास विश्रांती आणि आठ तास आपले स्वतःचे. रॉबर्ट ओवेन याने ते इंग्लंडात १८१७ च्या सुमारास मांडले. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळवून दिली, तीही याच हिशेबातली एक जमेची बाजू. कामाच्या आठ तासांविषयी आम्ही संघटनेची माणसे पुष्कळ बोलतो. पण तिसऱ्या आठ तासांचे पुढे काय होते, ते कोण भरतो आणि कोणाच्या फायद्यासाठी भरतो, याचा विचार आमच्या सभांत क्वचितच होतो. इंग्लंडातील तो सोमवार या विचारासाठी चांगला नमुना आहे. सोमवार म्हणजे अमुक एक तारीख, असे येथे धरलेले नाही. त्या हिवाळ्यातील सोमवारांचा जो ठरलेला साचा होता, तो घेतला आहे.

तीन वाहिन्या, एक घड्याळ

तेव्हा तेथे वाहिन्या तीनच होत्या. बी.बी.सी.ची पहिली, बी.बी.सी.चीच दुसरी, आणि आय.टी.व्ही. ही जाहिरातींवर चालणारी तिसरी. बी.बी.सी. चालते ती प्रेक्षकांनी भरलेल्या परवाना-शुल्कावर. १९७१ च्या जुलैपासून हे शुल्क कृष्णधवल संचाला वर्षाला सात पौंड आणि रंगीत संचाला बारा पौंड होते. १९७२ च्या वसंतात परवाने होते ते कृष्णधवलचे सुमारे दीड कोटी आणि रंगीतचे सोळा लाखांच्या आसपास. पुष्कळ कुटुंबे संच विकत न घेता भाड्याने आणीत. आठवड्याचे भाडे भरायचे, बिघडला तर दुकानदाराने दुरुस्त करून द्यायचा, अशी ती पद्धत होती.

आय.टी.व्ही. ही एक कंपनी नव्हती. मुलूख वाटून घेतलेल्या पंधरा कंपन्यांचा तो संघ होता. मँचेस्टरकडे ग्रॅनडा, मध्य इंग्लंडात ए.टी.व्ही., यॉर्कशायरमध्ये यॉर्कशायर टेलिव्हिजन. लंडनमध्ये तर सोमवारपासून शुक्रवारी संध्याकाळपर्यंत टेम्स ही कंपनी आणि तेथून रविवार रात्रीपर्यंत दुसरीच कंपनी. स्कॉटिश टेलिव्हिजनचे मालक रॉय टॉमसन यांनी अशा मक्त्याला नोटा छापण्याचा परवाना म्हटले होते, आणि ते गमतीने म्हटले असले तरी खोटे नव्हते.

कार्यक्रमपत्रिकांचीही मौज होती. 'रेडिओ टाइम्स' या साप्ताहिकात फक्त बी.बी.सी.चे कार्यक्रम, 'टीव्ही टाइम्स'मध्ये फक्त आय.टी.व्ही.चे. संपूर्ण आठवडा आधी कळायला हवा तर दोन्ही विकत घ्या. ही वाटणी १९९१ पर्यंत टिकली.

या सर्वांवर घड्याळ मात्र सरकारचे होते. दररोज किती तास प्रक्षेपण करायचे हे टपाल खात्याचा मंत्री ठरवी. आठवड्याला सुमारे पन्नास तास, एवढीच मुभा होती. शाळांचे कार्यक्रम, धार्मिक कार्यक्रम, वेल्श भाषेतील कार्यक्रम यांसारखे काही प्रकार त्या मोजणीतून वगळलेले असत. १९५७ च्या फेब्रुवारीपर्यंत तर संध्याकाळी सहा ते सात हा तास सक्तीने रिकामा ठेवावा लागे. आयांनी त्या वेळात लहान मुलांना निजवावे, हा हेतू. ती बंदी उठली, तिला सर्वांत मोठे कारण आय.टी.व्ही.च्या कंपन्यांचे होते. त्यांचा जाहिरातीचा एक तास रोज बुडत होता. म्हणजे मुलांच्या झोपेची काळजी घेणारे सरकार एका बाजूला आणि तो तास विकू पाहणारा व्यापारी दुसऱ्या बाजूला, अशी ही ओढाताण फार जुनी आहे.

तासांची ही मर्यादा १९७२ च्या जानेवारीत ख्रिस्तोफर चॅटवे या मंत्र्याने उठवली. हा गृहस्थ मोठा धावपटू. १९५४ साली रॉजर बॅनिस्टरने चार मिनिटांच्या आत मैल पुरा केला, तेव्हा त्याला वेग देण्यासाठी पुढे धावणाऱ्या दोघांपैकी हा एक. पुढे १९५५ साली आय.टी.व्ही.च्या पहिल्या बातम्या वाचल्या त्याही यानेच. आमचा सोमवार या निर्णयानंतरच्या पहिल्या हिवाळ्यातला आहे. जुना साचा अजून मोडलेला नाही आणि नवा भरू लागला आहे, असा तो संधिकाल आहे.

सकाळ : रिकामा पडदा आणि शाळा

सकाळी सात वाजता संच लावला तर काहीच दिसत नसे. कामावर जाणाऱ्या माणसाला पडद्यापुढे बसवून ठेवणे कोणालाच परवडणारे नव्हते. साडेनवाच्या सुमारास शाळांसाठीचे कार्यक्रम सुरू होत, ते बी.बी.सी.वर होते तसे आय.टी.व्ही.वरही होते. वर्गात चाकांच्या उंच घोडीवर ठेवलेला संच आणि समोर जमिनीवर बसलेली मुले, हे दृश्य त्या पिढीच्या स्मरणात पक्के आहे. अकरा वाजता दुसऱ्या वाहिनीवर 'प्ले स्कूल' हा शाळेत न जाणाऱ्या लहानग्यांचा कार्यक्रम लागे. या कार्यक्रमाची एक हकीकत सांगण्यासारखी आहे. १९६४ च्या एप्रिलमध्ये दुसरी वाहिनी मोठ्या थाटाने सुरू व्हायची होती. त्याच संध्याकाळी लंडनमध्ये वीज गेली आणि उद्घाटन फसले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या वाहिनीवर ठरल्याप्रमाणे पहिला पुरा कार्यक्रम झाला तो हा, बालकांचा.

मधल्या रिकाम्या वेळेत पडद्यावर एक स्थिर चित्र असे. फळ्यावर फुली-गोळ्याचा खेळ मांडून बसलेली एक मुलगी आणि तिच्याजवळ एक विदूषकाची बाहुली, भोवती रंगांच्या पट्ट्या आणि रेघा. १९६७ पासून हे चित्र दाखवू लागले. जॉर्ज हर्सी या बी.बी.सी.च्या अभियंत्याने ते तयार केले आणि त्यातली मुलगी कॅरोल ही त्याचीच. फळ्यावरची एक फुली पडद्याच्या बरोबर मध्यावर येई. त्यावरून चित्र सरकले आहे की नाही ते कळे. मुलीच्या कातडीच्या रंगावरून संचाचा रंग जमवता येई. हे चित्र प्रेक्षकांसाठी नव्हतेच. दुकानदार, संच बसवणारे आणि दुरुस्ती करणारे कारागीर यांच्यासाठी ते होते. दुसऱ्या वाहिनीवर दिवसा याच मंडळींसाठी रंगीत माहितीपट दाखवीत आणि कोणते प्रक्षेपण-केंद्र चालू आहे, कोणते बंद आहे याच्या सूचना देत. १९७३ च्या ऑगस्टमध्ये ते माहितीपट बंद झाले. कामाच्या वेळी कामकऱ्याच्या कामासाठी लावलेला पडदा, असे त्याचे वर्णन करता येईल. पुढच्या काळात ती जागा जाहिरातींनी आणि मालिकांनी घेतली.

दुपार : घरातील माणसांचा शोध

तासांची मर्यादा उठल्यावर दुपार हे नवे कुरण मोकळे झाले. बी.बी.सी.ने २ ऑक्टोबर १९७२ पासून बर्मिंगहॅमच्या पेबल मिल येथील इमारतीतून दुपारी एक वाजताचा गप्पांचा कार्यक्रम सुरू केला. पंधरा दिवसांत, १६ ऑक्टोबर रोजी, आय.टी.व्ही.ने आपली दुपारची सेवा उघडली. 'एमरडेल फार्म' ही यॉर्कशायरमधील एका शेतकरी कुटुंबाची कथा त्याच दिवशी सुरू झाली. ती आठवड्यातून दोनदा लागे आणि पुढे पन्नास वर्षांहून अधिक काळ चालली. त्याच महिन्यात 'क्राउन कोर्ट' आले. त्यात खटला कल्पित, वकील व साक्षीदार नट. परंतु पंच म्हणून बसणारी माणसे सामान्य नागरिकांतून घेतलेली, आणि निकाल ती स्वतः विचार करून देत. आपला निवाडा काय लागेल हे नटांनाही आधी ठाऊक नसे. लोकांना नुसते प्रेक्षक न ठेवता त्यांच्या हाती निर्णय देणारा असा कार्यक्रम जाहिरातीच्या वाहिनीवर झाला, याची नोंद घेतली पाहिजे. वाईट ते सारे व्यापाऱ्याचे आणि चांगले ते सारे सरकारी, असा सोपा हिशेब येथे लागत नाही.

दुपारी घरात कोण असे? गृहिणी, म्हातारी माणसे, आजारी, आणि रात्रपाळी करून उठलेला कामगार. या सर्वांना तोवर टेलिव्हिजनने जमेस धरले नव्हते. ते आता धरले, हे बरेच झाले. परंतु त्यांना प्रथम मोजले ते जाहिरातदाराने, साबणाचे आणि बिस्किटांचे गिऱ्हाईक म्हणून. आय.टी.व्ही.वर तासाला सरासरी सहा मिनिटे जाहिरातींना असत. सिगारेटच्या जाहिराती १९६५ च्या ऑगस्टपासून बंद झाल्या होत्या. म्हणजे सरकारने मनात आणले तर व्यापाऱ्याचा हात धरता येतो, हेही तेथे दिसून आले होते.

चार वाजता मुले शाळेतून येत, आणि पुढचे दोन तास त्यांचे. एखादा नट खुर्चीत बसून पुस्तकातील गोष्ट सांगतो आहे, बाकी काही नाही, असा 'जॅकनोरी' नावाचा कार्यक्रम रोज चाले. सोमवारी 'ब्लू पीटर' असे. हा कार्यक्रम मुलांकडे पैसे मागत नसे. घरातील टाकाऊ वस्तू मागे. १९६६ साली त्याने वाचून झालेली स्वस्त पुस्तके मागितली आणि त्यांच्या विक्रीतून समुद्रात बुडणाऱ्यांना वाचवणाऱ्या चार होड्या घेतल्या. ज्या घरी पैसे नाहीत त्या घरचे मूलही येथे वाटा उचलू शके. वर्गणी कशी मागावी, हे संघटनेच्या माणसांनी यांच्याकडून शिकावे.

संध्याकाळ : गल्लीतील माणसे

कारखाने सुटले, माणसे घरी आली, की बातम्या लागत आणि सहा वाजता 'नेशनवाइड'. यात प्रत्येक मुलखाच्या आपापल्या बातम्या आधी आणि मग साऱ्या देशाच्या. त्याच सुमारास दुसऱ्या वाहिनीवर मुक्त विद्यापीठाचे पाठ सुरू होत. त्यांच्याकडे आपण पुढे वळू.

साडेसात वाजता आय.टी.व्ही.वर 'कॉरोनेशन स्ट्रीट'. ग्रॅनडा कंपनीने ९ डिसेंबर १९६० रोजी सुरू केलेली ही कथा सोमवारी आणि बुधवारी लागे. मँचेस्टरजवळच्या सॅल्फर्डसारखी एक गल्ली, भिंतीला भिंत लागलेली विटांची घरे, कोपऱ्यावरचे दारूचे दुकान, आणि आपापसांत भांडणारी, एकमेकांना सावरणारी कामकरी माणसे. टोनी वॉरन या तरुणाने ती रचली. त्यापूर्वी इंग्लंडच्या पडद्यावर मजूर दिसे तो बहुधा विनोदासाठी किंवा मोटार हाकण्यासाठी. आता तो आपल्या बोलीत, आपल्या स्वयंपाकघरात बोलू लागला आणि सारा देश त्याचे ऐकू लागला. मुंबईच्या चाळीत वाढलेल्या माणसाला ती गल्ली परकी वाटणार नाही.

असा लोकप्रिय कार्यक्रम संपला, की एक चमत्कार घडे. लक्षावधी घरांतून माणसे एकदम उठत आणि चहासाठी विजेच्या किटल्या लावीत. विजेची मागणी क्षणात उसळे. वीज मंडळाच्या नियंत्रण कक्षातील अभियंत्यांना म्हणूनच टेलिव्हिजनची कार्यक्रमपत्रिका जवळ ठेवावी लागे. कथा केव्हा संपते, सामना केव्हा थांबतो, त्याप्रमाणे ते वीजनिर्मिती वाढवीत. वेल्समधील फेस्टिनियोग येथे १९६३ साली एक केंद्र सुरू झाले होते. तेथे रात्रीच्या स्वस्त विजेवर पाणी वरच्या तलावात चढवीत आणि मागणी उसळली की तेच पाणी खाली सोडून वीज करीत. घरात एका कपाला उकळी येते, तिच्यामागे खाणीत कोळसा काढणारा, वीजकेंद्रात राबणारा आणि रात्रपाळीला जागणारा असे किती हात असतात, याचा याहून बोलका पुरावा मिळणार नाही.

रात्र : बातम्या, नाटक आणि आरसा

आठ वाजल्यानंतर सोमवार गंभीर होई. बी.बी.सी.वर 'पॅनोरामा' आणि आय.टी.व्ही.वर ग्रॅनडाचा 'वर्ल्ड इन अॅक्शन', हे दोन्ही चालू प्रश्नांचा शोध घेणारे कार्यक्रम याच रात्री असत. नऊ वाजता बी.बी.सी.च्या बातम्या, दहा वाजता आय.टी.व्ही.च्या. आणि बातम्यांनंतर, त्या हिवाळ्यात सोमवारीच, 'प्ले फॉर टुडे'.

हे नाटक म्हणजे त्या दिवसातले आम्हाला सर्वांत मोलाचे वाटणारे पान. दर आठवड्याला एक नवे, स्वतंत्र नाटक. तेही चालू काळावरचे. १९७० साली सेंट हेलेन्स गावी पिल्किंग्टन या काचेच्या कारखान्यात सात आठवडे संप झाला. पगाराच्या हिशेबातील चुकीवरून ठिणगी पडली होती. जिम अॅलन यांनी त्यावर नाटक लिहिले, केन लोच यांनी दिग्दर्शित केले, आणि कारखान्याचे नाव बदलून ते १९७१ च्या मे महिन्यात याच मालिकेत दाखवले गेले. संघटनेच्या माणसाने ते पाहताना मान खाली घालावी अशी एक गोष्ट त्यात आहे. त्या संपात कामगारांचा राग जेवढा मालकावर होता तेवढाच स्वतःच्या युनियनच्या पुढाऱ्यांवरही होता, कारण वरिष्ठ पुढाऱ्यांनी संपाला पाठिंबा दिला नव्हता. नाटकाने ते झाकले नाही. १९७४ साली कॉलिन वेलंड यांचे 'लीड्स युनायटेड!' आले. तेही १९७० मधील लीड्सच्या कपडे शिवणाऱ्या बायकांच्या संपावर, आणि त्यातही पुढाऱ्यांची गय नाही. सरकारी सनदेवर चालणाऱ्या संस्थेने, लोकांच्या पैशातून, ऐन रात्रीच्या मुख्य वेळी कामगारांचे म्हणणे एवढे सविस्तर मांडावे, हे आज अनेकांना खरे वाटणार नाही.

परंतु याची दुसरी बाजू बातम्यांत दिसे. ग्लासगो विद्यापीठातील अभ्यासकांच्या एका गटाने १९७५ सालच्या बातम्यांची महिनोन्महिने नोंद केली आणि १९७६ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. त्यांना आढळले ते असे : संपाचे परिणाम बातमीत सविस्तर येतात, संपाची कारणे मात्र थोडक्यात किंवा मुळीच येत नाहीत. व्यवस्थापक आपल्या खोलीत शांतपणे बोलताना दिसतो. कामगार रस्त्यावर, वाऱ्यात, गलक्यात ओरडताना दिसतो. शब्द एक न बदलताही नुसत्या जागेने न्याय-अन्याय ठरून जातो. एका तासात नाटक आणि एका तासात बातम्या, अशी दोन तोंडांची ती संस्था होती. दोन्ही तोंडे खरी होती.

मध्यरात्रीच्या आसपास सारे आटोपे. निवेदक हवामान सांगे, शुभरात्री म्हणे, बी.बी.सी.च्या पहिल्या वाहिनीवर राष्ट्रगीत वाजे, आणि संच बंद करायला विसरू नका अशी आठवण होई. पडदा काळा होई. दिवस संपला, आता निजा, असे सांगणारा तो शेवट होता.

पडद्यामागचे हात

या दिवसाला आणखी एक बाजू आहे; ती पडद्यावर दिसत नाही. नोव्हेंबर १९६९ मध्ये बी.बी.सी.ची पहिली वाहिनी आणि आय.टी.व्ही. रंगीत झाल्या. रंगाच्या यंत्रांवर काम वाढले, कौशल्य वाढले. तेव्हा मोबदलाही वाढावा, अशी आय.टी.व्ही.च्या तंत्रज्ञांच्या संघटनेची मागणी होती. कंपन्या मानेनात. म्हणून १३ नोव्हेंबर १९७० पासून तंत्रज्ञांनी रंगीत यंत्रांना हात लावणे बंद केले. ते घरी बसले नाहीत. कार्यक्रम रोज झाले, वेळेवर झाले. फक्त ते कृष्णधवल झाले. ८ फेब्रुवारी १९७१ पर्यंत हे चालले. 'कॉरोनेशन स्ट्रीट' कृष्णधवल झाली. 'अपस्टेअर्स, डाउनस्टेअर्स' ही मालक वरच्या मजल्यावर आणि नोकर तळघरात अशा एका लंडनच्या घराची कथा त्या वेळी तयार होत होती. तिचे सुरुवातीचे काही भाग कृष्णधवलच राहिले.

या लढ्याची शिस्त आम्हाला अभ्यासनीय वाटते. १९७१ च्या वसंतात रंगीत परवाने सहा लाखांच्या आसपास आणि कृष्णधवल दीड कोटीच्या वर. म्हणजे बहुसंख्य घरांना फरक कळलाही नाही. गरीब प्रेक्षकाचे काही बुडाले नाही. झळ लागली ती रंग विकणाऱ्या कंपन्यांना. जनतेला कमीत कमी त्रास आणि मालकाला नेमका धक्का, हे सूत्र आमच्या संघटनांना पुष्कळदा सापडत नाही.

पुढे याच पडद्याचा वापर उलट बाजूने झाला. १९७२ च्या जानेवारीत खाण कामगारांनी संप केला. १० फेब्रुवारीला बर्मिंगहॅमच्या सॉल्टली येथील कोळसा-कोठाराचे फाटक, हजारो इतर कामगार पाठिंब्याला आल्यामुळे, पोलिसांना बंद करावे लागले. वीज पाळीपाळीने तोडली जाऊ लागली आणि घरोघरचे पडदे काळे झाले. पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरात खाणवाल्यांनी जादा काम बंद केले. तेव्हा हुजूर पक्षाचे पंतप्रधान एडवर्ड हीथ यांनी १३ डिसेंबर १९७३ रोजी दोन गोष्टी जाहीर केल्या. १९७४ च्या पहिल्या दिवसापासून बहुतेक कारखान्यांना आठवड्याचे तीनच दिवस वीज मिळेल. आणि टेलिव्हिजन १७ डिसेंबरपासून रात्री साडेदहाला बंद होईल. नाताळापुरती सूट देऊन ही रात्रबंदी फेब्रुवारीत निवडणूक जाहीर होईपर्यंत चालली. वीज वाचवणे हे कारण खरेच होते. परंतु तुमची रात्र कोणी काळी केली, त्या खाणवाल्याचे नाव ध्यानात ठेवा, असाही संदेश त्या काळ्या पडद्यात होता, असे आमचे मत आहे. जनतेने तो पुरता मानला नाही. २८ फेब्रुवारी १९७४ च्या निवडणुकीत हीथ यांना बहुमत मिळाले नाही आणि मार्चमध्ये मजूर पक्षाचे विल्सन पुन्हा पंतप्रधान झाले.

त्या दिवसात कोण नव्हते?

चित्र एवढे रंगवून झाल्यावर त्यातील भोकेही दाखवली पाहिजेत. त्या काळी आपल्या देशातून गेलेली हजारो माणसे तेथील कापडगिरण्यांत, ओतशाळांत आणि बसगाड्यांवर काम करीत होती. सोमवारच्या दिवसात त्यांना जागा नव्हती. त्यांची जागा रविवारी सकाळी होती. १९६५ पासून बी.बी.सी. बर्मिंगहॅमहून हिंदुस्थानी भाषेत कार्यक्रम करू लागली. १९६८ पासून त्याचे नाव 'नई ज़िंदगी, नया जीवन' झाले. महेंद्र कौल त्याचे निवेदक. डॉक्टरकडे काय बोलावे, शाळेत मूल कसे घालावे, येथपासून सतारवादनापर्यंत त्यात सारे असे. परमुलखात एकट्या पडलेल्या गृहिणीला हा आधार मोठा होता. पण ज्या वेळी बाकीचा देश झोपलेला, त्या वेळी तो लागे.

रात्रीच्या मुख्य वेळी काळा माणूस दिसे तो निराळ्या रूपात. गोऱ्या गायकांनी तोंडाला काळे फासून गाण्याचा 'ब्लॅक अँड व्हाइट मिन्स्ट्रेल शो' बी.बी.सी.ने, १९६७ साली त्याविरुद्ध अर्ज होऊनही, १९७८ पर्यंत चालवला. १९७२ च्या एप्रिलमध्ये आय.टी.व्ही.वर 'लव्ह दाय नेबर' ही विनोदी मालिका सुरू झाली. तिचा नायक एक गोरा कामगार, मजूर पक्षाचा, कट्टर युनियनवाला. आणि शेजारी काळे कुटुंब आले म्हणून त्याला वाटेल ते बोलणारा. लोक खदखदा हसत. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये लाफबरो येथील मॅन्सफील्ड होजियरी कारखान्यातील आशियाई कामगार चांगल्या पगाराच्या जागा आपल्याला मिळत नाहीत म्हणून संपावर गेले, आणि त्यांना मालकाइतकेच स्वतःच्या युनियनशीही झगडावे लागले. मालिकेतला तो युनियनवाला नुसता कल्पित नव्हता. आपल्याकडेही परप्रांतीय, परजातीय कामगाराविषयी आमच्या कचेऱ्यांत काय बोलले जाते हे आठवावे आणि मगच इंग्रजांना हसावे.

शिकण्याचा तास

आता मुक्त विद्यापीठाकडे वळू. हॅरल्ड विल्सन यांनी १९६३ साली हवेतून चालणाऱ्या विद्यापीठाची कल्पना मांडली. ती सिद्धीस नेली जेनी ली यांनी. त्या स्कॉटलंडमधील एका खाण कामगाराच्या कन्या. १९६९ साली सनद मिळाली आणि ३ जानेवारी १९७१ रोजी दुसऱ्या वाहिनीवरून पहिला पाठ झाला. पूर्वीच्या कोणत्याही परीक्षेची अट नाही; पहिल्याच वर्षी वीस हजारांहून अधिक विद्यार्थी. दिवसभर राबून आलेला माणूस संध्याकाळी स्वयंपाकघराच्या मेजावर वही उघडून गणिताचा पाठ पाहतो आहे, हे त्या साऱ्या दिवसातले आम्हाला सर्वांत सुंदर वाटणारे दृश्य. ज्यांना शाळा अर्धी सोडावी लागली, त्यांना याचा अर्थ अधिक समजावून सांगावा लागत नाही. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली निघाले, ते याच वाटेवरचे.

आपल्याकडे मुंबईचे दूरदर्शन केंद्र सुरू झाले ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी. म्हणजे पेबल मिलचा दुपारचा कार्यक्रम ज्या दिवशी निघाला, नेमक्या त्याच दिवशी. तेथेही 'आमची माती आमची माणसं' शेतकऱ्यांसाठी आणि 'कामगार विश्व' कामगारांसाठी असे. त्या नावांकडे पाहावे. कार्यक्रम कोणासाठी आहे हे सांगायला तेव्हा कोणी लाजत नव्हते.

तात्पर्य

त्या सोमवारला रामराज्य म्हणण्याचा आमचा हेतू नाही. सरकारने तास मोजून द्यावे आणि प्रौढ माणसांना निजायला सांगावे, यात वडिलकीचा दर्प होता. निवड थोडी होती, अनेकांना जागा नव्हती. तथापि त्या दिवसाला काठ होते. सकाळ कामाची, दुपार घरच्यांची, चार ते सहा मुलांची, संध्याकाळ सर्वांची, आणि मध्यरात्री अंधार. एखादा तास विकायचा तर त्यासाठी संसदेत आणि वर्तमानपत्रांत उघड वाद घालावा लागे. पडदा तयार करणाऱ्या हातांना संघटना होती आणि ती कंपनीला वाटाघाटीस बसवू शकत होती.

आज पडदा प्रत्येकाच्या खिशात आहे आणि तो कधीच काळा होत नाही. पाळी संपली तरी मुकादमाचा निरोप त्याच पडद्यावर येतो, करमणूकही त्याच पडद्यावर येते, जाहिरातही तेथेच. घरपोच माल नेणाऱ्या पोरांना तर पुढचे काम, त्याचा दर आणि शिक्षा हे सारे तोच पडदा सांगतो. काम आणि मोकळीक यांच्यामधली भिंत पडली, आणि ती पाडण्यासाठी कोणाला कायदा करावा लागला नाही की कोणाशी वाद घालावा लागला नाही. लोखंड्यांच्या काळी गिरणीचा भोंगा ऐकू येई. म्हणून त्याच्याशी लढता आले. आजचा भोंगा आपणच उशाशी घेऊन निजतो.

म्हणून पगार, बोनस आणि कायमपणा या मागण्यांच्या जोडीला एक मागणी आमच्या संघटनांनी आता लेखी मांडली पाहिजे : पाळी संपल्यावर कामाचा निरोप येऊ नये, आणि त्याला उत्तर दिले नाही म्हणून कोणाचा रोज कापला जाऊ नये. आणि एक काम मालकाकडे न मागता आपले आपणच करायचे आहे. मोकळ्या झालेल्या तासात शिकण्याचा, नाटकाचा, गप्पांचा काहीतरी सामुदायिक उपक्रम प्रत्येक संघटनेने चालवावा. रिकामा तास फार वेळ रिकामा राहत नाही. आपण भरला नाही तर तो विकणारा दुसरा कोणी तयारच असतो.